शंकरपाळ्यांतला शंकर

फराळाचे ताट पुढे आले की मुले हमखास विचारतात, "शंकरपाळ्यांत शंकर कुठला हो?" प्रश्न रास्त आहे. शंकराचा येथे काडीइतकाही संबंध नाही. मूळ शब्द ‘शक्करपारा’. फारसीत ‘पारा’ म्हणजे तुकडा. मराठी जिभेने ‘र’चा ‘ळ’ केला आणि अनोळखी शक्करच्या जागी ओळखीचा देव बसवला.

पण ही शक्कर तरी परकी कशी म्हणावी? संस्कृतात ‘शर्करा’ म्हणजे खडे, वाळू. त्यावरून रवाळ साखर. तीच इराणात ‘शकर’, अरबस्तानात ‘सुक्कर’ आणि विलायतेत ‘शुगर’ झाली. लेक सासरी गेली आणि वेष पालटून माहेरी आली, इतकेच!

नानकटाईचा प्रवास याहून लांबचा. ‘नान’ म्हणजे फारसीत रोटी. ‘खटाई’ आंबट खरी, पण नानकटाईत आंबट काय असते? येथे शब्द ‘खताई’ असावा, म्हणजे चीनकडचा. उत्तर चीनवर दहाव्या ते बाराव्या शतकात खितान लोकांचे राज्य होते. त्यांच्यावरून इराणी लोक त्या मुलखाला ‘खता’ म्हणत. रशियन भाषेत चीनला आजही ‘किताय’च म्हणतात. अर्थात नाव चीनचे म्हणून कृतीही तिकडचीच, असे मात्र नव्हे. आपल्याकडे तिला नावारूपाला आणले ते सुरतेच्या भट्ट्यांनी.

‘बिस्किट’ तर लॅटिनमधले: ‘दोनदा भाजलेले’. या न्यायाने चहात बुडवायचा कडक टोस्टच खरे बिस्किट ठरतो!

अमुक आपले, तमुक परके, असा वाद हल्ली फराळाच्या ताटाभोवतीही ऐकू येतो. शिवछत्रपतींनी ‘राज्यव्यवहारकोश’ करवून दरबारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. राज्यकारभार आपल्या भाषेत चालावा, हा हेतू थोरच होता. पण स्वयंपाकघराचा कायदा निराळा. तेथे जे जिभेला रुचले ते घरचे झाले.

आमच्या मनमाडला मुंबई, भुसावळ, दौंड आणि मराठवाडा या चारी वाटा मिळतात. जंक्शनच्या गावाला उतारूची जात विचारण्याची सवय नसते. दिवाळीत तूप, साखर, मैदा घेऊन बेकरीच्या भट्टीपुढे रांग लावणाऱ्या गृहिणीही नानकटाईचे कुळ विचारीत नाहीत. ती खुसखुशीत झाली म्हणजे आपली झाली.