रोज बेटावर जाऊन येणारी माणसं

लाँग वीकेंड जवळ आला की ऑफिसात हमखास चर्चा सुरू होते. श्रीलंका की मॉरिशस? किल्ले, लेणी, जंगल, समुद्रपक्षी, सगळं एकाच बेटावर! मंडळी, असं एक बेट आपल्याकडेही आहे आणि तिथे जायला लोकलचा पास पुरतो. डोंबिवलीहून फास्ट लोकल पकडा. ठाण्याच्या अलीकडे खाडी लागते. ती ओलांडली की तुम्ही साष्टी बेटावर!

साष्टी म्हणजे सहासष्ट गावांचं बेट, अशी नावाची फोड सांगतात. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला उल्हास नदी आणि ठाण्याची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र. ठाणे शहराचा जुना भाग या बेटावर, तर कळवा, मुंब्रा, डोंबिवली, कल्याण मुख्य भूमीवर. शाळेच्या भूगोलात हे कुणी शिकवल्याचं मला तरी आठवत नाही.

बेटावरची सर्वात जुनी भारी जागा म्हणजे कान्हेरी. काळ्या दगडात कोरलेली शंभरावर लेणी, आणि त्यांच्यासोबत पावसाचं पाणी साठवायला खोदलेली टाकी. तिथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांमध्ये चक्क कल्याणचे लोक आहेत! कल्याण तेव्हा व्यापाराचं मोठं बंदर होतं. म्हणजे कल्याणकरांचं खाडी ओलांडून येणंजाणं जवळजवळ दोन हजार वर्षांचं आहे. आपण फक्त डबा घेऊन जातो, एवढाच काय तो फरक.

आता ठाण्याचा किल्ला. पोर्तुगीजांनी तो १७३० च्या सुमारास बांधायला घेतला. कारण सरळ होतं: मुख्य भूमीवरून बेटावर उतरायची वाट इथेच. ज्याच्या हातात ठाणं, त्याच्या हातात साष्टी. किल्ला पुरा होण्याआधीच १७३७ साली चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ठाणं घेतलं, आणि १७३९ मध्ये वसई.

पण मुंबईच्या इंग्रजांचा डोळा साष्टीवर होताच. डिसेंबर १७७४ मध्ये त्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला. पुढच्याच वर्षी सुरतेच्या तहात रघुनाथरावांनी वसईबरोबर साष्टीही लिहून दिली आणि पहिलं इंग्रज-मराठा युद्ध पेटलं. १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई मराठ्यांना परत मिळाली, साष्टी मात्र गेली ती गेलीच.

हा किल्ला आज बघता येतो का? तर नाही, कारण तिथे ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह आहे. १८१६ मध्ये त्रिंबकजी डेंगळे इथूनच निसटले. १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना इथेच फाशी दिलं. आपण मात्र भिंतीला लागून रिक्षाने जातो आणि ट्रॅफिकला शिव्या घालतो.

१६ एप्रिल १८५३ ला पहिली रेल्वे बोरीबंदरहून ठाण्याला आली. पुढे खाडी होती. तिच्यावर पूल झाला आणि १ मे १८५४ ला गाडी कल्याणला पोचली. त्या दिवसापासून खाडी हा अडथळा उरला नाही, आणि हळूहळू ती आपल्या लक्षातूनही गेली.

प्रॉब्लेम इथेच आहे. साष्टी आणि मुंबई यांच्यामध्येही पूर्वी भरतीचं पाणी खेळायचं. १८०५ मध्ये शीवचा बांध झाला, १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे, आणि मग भराव पडत गेले. आज शीव ते कुर्ला जाताना कुणाला वाटतं का, की आपण एका बेटावरून दुसऱ्या बेटावर गेलो?

आपल्या बाजूची खाडी अजून जिवंत आहे. तिथे तिवरं आहेत, हिवाळ्यात हजारोंनी फ्लेमिंगो येतात. २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये रामसर यादीत नाव आलं. येऊरच्या जंगलात बिबटे आहेत. पण खाडीत डेब्रिस आणि सांडपाणी पडतंच आहे. बेट नकाशावरून एका रात्रीत पुसलं जात नाही. आधी ते लोकांच्या डोक्यातून जातं, मग भराव टाकणं सोपं होतं.

तेव्हा श्रीलंकेला जरूर जा. पण सोमवारी कळवा गेल्यावर दोन मिनिटं मोबाइल खिशात ठेवा आणि भरती आहे की ओहोटी, तेवढं बघा.