माठ, खोका आणि थर्माकोल

परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यात येलदरीला पूर्णा नदीवर धरण बांधायचं काम 1958 साली सुरू झालं आणि 1968 मध्ये पुरं झालं. पायथ्याच्या वीजघरात साडेसात मेगावॉटचे तीन संच बसले, म्हणजे एकूण साडेबावीस मेगावॉट. या धरणाची गोष्ट निघाली की बोलणं पाण्याचं, कालव्यांचं आणि बुडालेल्या जमिनींचं होतं. ते स्वाभाविक आहे. पण त्याच दशकांत खांब आणि तारा गावोगाव पोहोचू लागल्या आणि घरातला आवाज बदलला. रेडिओ, मग टेप, मग हाताने बांधलेले स्पीकर अशी ही ओळ चालत आली. तिचं आजचं टोक म्हणजे थर्माकोलच्या किंवा प्लायच्या सपाट फळीतून गाणं वाजवणारा घरगुती स्पीकर. तालुक्याच्या गावातला हा इतिहास कंपन्यांच्या नावांनी सांगता येत नाही. तो मेकॅनिकच्या टेबलावर घडला.

त्याआधीचा काळ बॅटरीचा. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत जिंतूर निजामाच्या राज्यात होतं. देश स्वतंत्र झाला तेव्हा संस्थानांची पाच रेडिओ केंद्रं चालू होती: म्हैसूर, त्रिवेंद्रम, बडोदा, हैदराबाद आणि औरंगाबाद. त्यांतली शेवटची दोन निजामाची. 1950 मध्ये ती ऑल इंडिया रेडिओकडे आली. म्हणजे मराठवाड्याच्या आकाशात लहरी होत्या, पण त्या पकडायला घरात काही नव्हतं. व्हॉल्व्हचा रेडिओ विजेविना चालवायचा तर नव्वद व्होल्टच्या आसपासचा जाडजूड बॅटरी पॅक लागे. तो संपला की नवा आणायचा. शिवाय टपाल कार्यालयातून परवाना काढायचा, दरवर्षी त्याचे पैसे भरायचे. असा रेडिओ देशमुखाच्या वाड्यात किंवा एखाद्या मोठ्या व्यापाऱ्याच्या पेढीवरच शोभे.

बाकीच्यांच्या कानावर यंत्राचा आवाज पहिल्यांदा पडला तो कर्ण्यातून. सभा, जत्रा, सप्ताह, लग्न. भारतात या कर्ण्याला मान मिळवून दिला तो मोटवाने कुटुंबाच्या 'शिकागो रेडिओ'ने. 1931 च्या कराची काँग्रेसमध्ये त्यांची ध्वनियंत्रणा होती आणि पुढे गांधीजींच्या आणि नेहरूंच्या सभांतल्या मायक्रोफोनवर हे नाव झळकत राहिलं. या उद्योगाचा कारखाना पुढे नाशिक रोडला उभा राहिला. मैदानातल्या हजारोंपर्यंत शब्द पोहोचवणं हे कर्ण्याचं काम, आणि ते त्याने चोख केलं. घरात बसून ऐकायच्या आवाजाची गरज निराळी होती.

1956 च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्रावरून शेतकरी श्रोता मंडळांचा मोठा प्रयोग झाला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर अशा पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत लोक आठवड्यातून दोनदा रेडिओभोवती बसत, ऐकत आणि नंतर चर्चा करत. त्यात परभणी नव्हती. असणार कशी? मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यातच होता. द्विभाषिक मुंबई राज्यात तो आला त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला. मराठीतून बोलणाऱ्या रेडिओशी या भागाची ओळख उशिरा झाली, त्याचं एक कारण या तारखांमध्ये दिसतं.

मग ट्रान्झिस्टर आला आणि चित्र पालटलं. चार सेलांवर चालणारा डबा खांद्याला अडकवून शेतात नेता येई. परभणीला आकाशवाणीचं केंद्र झालं. मध्यम लहरींवर 1305 किलोहर्ट्झला काटा आणला की आपल्याच बोलीच्या अंगाने जाणारं मराठी ऐकू येऊ लागलं. पण या डब्यातला स्पीकर तीन इंचांचा. शब्द स्वच्छ, गाणं किरटं. ढोलकीची थाप ऐकू यायची, तिचा घुमारा गायब. ही उणीव ज्यांना बोचली त्यांनी स्पीकर डब्याबाहेर काढला आणि मडक्याच्या तोंडावर ठेवला.

माठावरचा स्पीकर ही केवळ गरिबीतून सुचलेली सोय मानली जाते. तसं मानणं त्या कल्पनेवर अन्याय करणारं आहे. स्पीकरचा कागदी कोन पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. उघड्या स्पीकरच्या मागची लाट कडेने वळून पुढे येते आणि पुढच्या लाटेला खाऊन टाकते. खालच्या सुरांत तर फारच. मागची बाजू माठात कोंडली की ही मारामारी थांबते. माठाच्या आतली हवा स्वतःही एका ठरावीक खालच्या सुराला घुमते. हर्मन हेल्महोल्ट्झ यांनी पोकळ गोळ्यांच्या या गुणाचा अभ्यास केला आणि 1863 च्या आपल्या ग्रंथात मांडला. माठाच्या आत समोरासमोरच्या सपाट भिंती नसतात, त्यामुळे चौकोनी खोक्यात येणारा डबडबाटही कमी. मराठवाड्यातल्या कुंभाराचा माठ हा स्पीकरसाठी खरोखर चांगला खोका होता.

ऐंशीच्या दशकात कॅसेट आली. रेडिओचा परवाना त्याच दशकात इतिहासजमा झाला. आता काय ऐकायचं हे केंद्र ठरवत नव्हतं, घर ठरवत होतं. प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजातली भक्तिगीतं, वामनदादा कर्डकांच्या परंपरेतली भीमगीतं, कीर्तनं, कव्वाली, लोकगीतं. मराठवाड्याच्या वस्त्यावस्त्यांत ज्या गाण्यांना रेडिओवर फार जागा नव्हती ती कॅसेटवर घरोघर पोहोचली, आणि ती मोठ्याने, भरून ऐकायची होती. बाजारातला बड्या कंपनीचा डेक परवडत नसे. म्हणून टेपचं यंत्र एकीकडून, ट्रान्सफॉर्मर दुसरीकडून आणि अ‍ॅम्प्लिफायरचं किट मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतून आणायचं. जोडायचं काम गावातला रेडिओ मेकॅनिक करी. त्याच्या टेबलावर राळेचा वास, कथलाची तार, तापलेली इस्त्रीसारखी जड सोल्डरिंग गन, जळालेल्या कॉइलींचा ढीग. कोन फाटला तर नवा चिकटवून द्यायचा, कॉइल जळाली तर नवी घालायची, 'हम' येत असेल तर अर्थिंग शोधायचं.

या टेबलावरचा सर्वांत लाडका जीव म्हणजे '4440'. सॅन्यो या जपानी कंपनीची ही आयसी, पूर्ण नाव एलए 4440. दोन बाजूंना सहा-सहा वॉट, नाहीतर दोन्ही बाजू एकत्र बांधून एकोणीस वॉट. ती घडवलेली होती मोटारीतल्या टेपसाठी, म्हणून चालायची बारा-तेरा व्होल्टवर. नेमका हाच गुण खेड्याला मानवला. तासन् तास भारनियमन असलेल्या गावात ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली की गाणं सुरू. मागे अ‍ॅल्युमिनियमची जाड पट्टी मात्र हवीच, कारण आलेल्या विजेतला मोठा वाटा उष्णतेत जाई आणि पट्टीला हात लावला तर चटका बसे. माठाची जागा हळूहळू सुताराने केलेल्या प्लायच्या खोक्याने घेतली, पुढे जाळी, कडेला रेक्झिन. पुढे चीनहून तयार होम थिएटर येऊ लागली आणि मेकॅनिकची टेबलं एकेक करून मोबाइल दुरुस्तीकडे वळली.

सपाट स्पीकरची वाट दुसरीकडून येते. 1787 मध्ये जर्मनीच्या अर्न्स्ट क्लाडनी यांनी धातूच्या पत्र्यावर वाळू पसरली, कडेवरून व्हायोलिनचा गज ओढला आणि वाळू रांगोळीसारख्या आकृत्यांत गोळा झालेली दाखवली. पत्रा कुठे थरथरतो आणि कुठे स्थिर राहतो हे डोळ्यांना दिसलं. त्याचं गणित मांडण्यासाठी फ्रान्समध्ये बक्षीस लागलं. ते 1816 मध्ये सोफी जर्मेन यांनी मिळवलं. पुढे स्पीकर बनवणारे मात्र दीर्घकाळ या थरथरीपासून दूर पळत होते. 1925 मध्ये राइस आणि केलॉग यांनी आजचा कॉइल-कोनाचा स्पीकर सिद्ध केला. त्यात कोन एकसंध पुढे-मागे सरकावा, वाकू नये, हीच सारी धडपड. साठच्या दशकाच्या अखेरीस यामाहाने कानाच्या आकाराचा, फेसाळ प्लॅस्टिकचा स्पीकर काढला. अर्जेंटिनाच्या बेर्तान्यी यांनीही पॉलिस्टायरिनची सपाट फळी वाजवून दाखवली. दोन्ही कल्पना बाजूलाच पडल्या.

खरा धक्का विमानांच्या कामातून आला. ब्रिटनच्या संरक्षण संशोधन संस्थेत केन हेरॉन हलक्या मधमाशी-जाळीच्या फळ्यांवर काम करत होते. विमान-हेलिकॉप्टरचा आतला गोंगाट कमी करायचा होता. त्यांच्या लक्षात आलं की या कडक आणि हलक्या फळ्या आवाज अडवण्याऐवजी फारच सहज बाहेर फेकतात. 1991 च्या सुमारास त्याचं पेटंट झालं. पुढे व्हेरिटी समूहाने ते हक्क घेतले, हेन्री अझिमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं शास्त्र बांधलं आणि 'एनएक्सटी' या नावाने ते जगभर विकलं. फळी वाकवायची, सर्व अंगाने थरथरवायची, आणि थरथरी इतक्या दाट करायच्या की एकही सूर वेगळा उठून दिसू नये, हे त्यातलं मर्म. पेटंटची मुदत वीस वर्षांची. 1995-96 मधले मुख्य हक्क संपले आणि 'एक्सायटर' नावाची वस्तू स्वस्त झाली. एक्सायटर म्हणजे कोन नसलेला स्पीकर: चुंबक, कॉइल आणि चिकटपट्टी. तो ज्याला चिकटवाल ते वाजतं.

आणि काय वाजतं? गणपतीच्या मखराचा थर्माकोल. हे योगायोगाने झालं तरी त्यात मोठी गंमत आहे, कारण हलकं आणि कडक या दोन्ही अटी थर्माकोल पाळतो. महाराष्ट्रात मार्च 2018 च्या अधिसूचनेने थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली. त्यामुळे आता टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल उरला, किंवा छताच्या उष्णतारोधासाठी मिळणारी दाट फोमची फळी, जी खरं तर अधिक चांगली.

कृती सोपी, पण हात नेमका हवा. समजा फळी 60 सेंटिमीटर लांब आणि 40 रुंद आहे. एक्सायटर मधोमध लावला तर निम्म्याहून जास्त थरथरी जागच्या जागी मरतात, म्हणून तो मध्याच्या जरा बाजूला लावतात: लांबीच्या तीन-सप्तमांशावर म्हणजे सुमारे 25.7 सेंटिमीटरवर, रुंदीच्या चार-नवमांशावर म्हणजे सुमारे 17.8 वर. आधी पृष्ठभाग बारीक पॉलिशपेपरने घासायचा, कोपरे गोल करायचे. मग फेविकॉलमध्ये तितकंच पाणी घालून दोन्ही बाजूंना हात मारायचा आणि सावलीत वाळू द्यायचं. या पातळ कातडीने फळी कडक होते आणि वरचे सूर उजळतात. टाळ आणि झांजा एकदम सुट्या होतात. 1959 पासून सुतारांच्या हातात असलेला हा पांढरा डिंक इथे वाद्याच्या कामाला येतो. एखादा सूर तरीही बोचत असेल तर फळीवर नाण्याएवढं वजन चिकटवून पाहतात. तबल्याच्या शाईचं वजन पुडीच्या कंपनांना सुरात कसं आणतं हे सी. व्ही. रामन यांनी 1920 मध्ये 'नेचर'मध्ये दाखवलं होतं. इथे वजन उलट काम करतं, एका सुराचा हट्ट मोडून त्याला बाकीच्यांत मिसळून टाकतं. शेवटी फळी दोन दोऱ्यांनी भिंतीपासून हातभर पुढे टांगायची. भिंतीला टेकवली की आवाज कोंडतो.

वीज द्यायला आता 4440 ची गरज नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीपीए 3116 या आयसीचं तळहाताएवढं किट मिळतं. ते बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतं आणि जुन्या लॅपटॉपच्या एकोणीस व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरवर त्याहून जोमाने. विजेचा जवळजवळ नव्वद टक्के भाग ते स्पीकरपर्यंत पोहोचवतं, म्हणून तापत नाही. आठ ओहमचे दोन एक्सायटर समांतर जोडले की चार ओहम होतात, ते या किटला झेपतात. चार ओहमचे दोन समांतर जोडून दोन ओहम करणं मात्र टाळायचं. फळी उघडी असल्याने आवाज पुढे-मागे दोन्हीकडे जातो आणि खोलीभर सारखा पसरतो. चौकात बसून ऐका की ओसरीवर, अभंगाचा शब्द न् शब्द कळतो. सप्ताहातल्या कीर्तनाचं जुनं ध्वनिमुद्रण अशा फळीवर ऐकताना बुवांचा आवाज, वीणा आणि टाळ एकमेकांपासून सुटे ऐकू येतात, जे माठावर कधी जमलं नव्हतं.

खालचे सूर हा या फळीचा कमकुवत भाग. एवढ्या आकाराच्या फळीत शंभर-दीडशे हर्ट्झच्या खाली जोर राहत नाही, कारण पुढची आणि मागची लाट कडेवरून पुन्हा भेटतात. पखवाजाच्या धुमेवर, म्हणजे डाव्या तोंडावर, कणीक थापून आणलेला खर्ज थर्माकोलमधून उतरत नाही. त्यासाठी आठ इंची वूफर प्लायच्या खोक्यात बसवावा लागतो, आणि त्याला चालवायला अडगळीतलं 4440 चं किट धूळ झटकून, पट्टीसह, पुन्हा जोडलं तरी काम भागतं.