फॉलिक ॲसिड आणि जन्मजात दोष: सरकारी खर्चाने झालेल्या देशोदेशीच्या संशोधनातून काय मिळाले?

"आधी दिवस तर जाऊ द्या, मग गोळी सुरू करू." फॉलिक ॲसिडबद्दल बोलताना हे वाक्य दवाखान्यात वारंवार ऐकू येते. काही घरांत तर सासूबाई किंवा आईच सांगतात, "आमच्या वेळी कुठे होत्या या गोळ्या?" प्रश्न चुकीचा नाही. पण या गोळीचा खरा उपयोग दिवस जाण्याच्या आधीच का होतो, हे कळण्यासाठी अनेक वर्षे संशोधन झाले, आणि त्याचा खर्च प्रामुख्याने निरनिराळ्या देशांच्या सरकारांनी उचलला. हा इतिहास माहीत असला की गोळीचे महत्त्वही नीट कळते.

न्यूरल ट्यूबचे दोष म्हणजे काय?

गर्भ अगदी लहान असताना त्याच्या पाठीवर एक पन्हाळीसारखी घडी पडते. ती मिटून नळी तयार होते. या नळीला न्यूरल ट्यूब म्हणतात. पुढे तिच्यापासूनच मेंदू आणि मज्जारज्जू घडतात. गर्भधारणा झाल्यापासून साधारण २८ दिवसांत ही नळी पूर्ण मिटते.

ती मिटली नाही तर:
• खालच्या बाजूला उघडी राहिल्यास स्पायना बिफिडा होतो. बाळाच्या पाठीच्या कण्यात फट राहते. पायांत कमजोरी, लघवी-शौचावर ताबा नसणे, डोक्यात पाणी साठणे असे त्रास होऊ शकतात.
• वरच्या बाजूला उघडी राहिल्यास ॲनेन्सेफली होते. मेंदू आणि कवटीचा मोठा भाग तयारच होत नाही. असे बाळ जगू शकत नाही.

२८ दिवस म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे. अनेक स्त्रियांना तोवर दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. म्हणून गोळी आधीपासून हवी.

सुरुवात मुंबईत

या कथेचे पहिले पान आपल्या मुंबईचे आहे. १९२८ मध्ये लुसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब कुटुंबांतल्या गरोदर स्त्रियांमध्ये रक्त फार कमी होत असे. त्याचे कारण शोधण्याचे काम त्यांनी हाफकिन संस्थेत केले. या कामाला इंडियन रिसर्च फंड असोसिएशनचा पाठिंबा होता. हीच सरकारी संस्था १९४९ मध्ये आयसीएमआर, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद झाली. यीस्टच्या अर्काने हा रक्तक्षय बरा होतो, हे लुसी विल्स यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे फोलेट. १९४१ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी तो पालकाच्या पानांतून वेगळा केला.

फोलेटची कमतरता आणि न्यूरल ट्यूबचे दोष यांचा संबंध असावा, ही शंका ब्रिटनमधल्या डॉ. हिबर्ड आणि डॉ. स्मिथेल्स यांनी १९६५ मध्ये मांडली. शंका होती, पण ती सिद्ध व्हायची होती.

सरकारचा पैसाच का लागला?

पहिले कारण पैशाचे. फॉलिक ॲसिड जुने आणि स्वस्त औषध आहे. त्यातून मोठा नफा मिळण्यासारखा नसल्याने महागड्या चाचण्या करण्यात औषध कंपनीला फारसे हित नसते.

दुसरे कारण संख्येचे. असे बाळ आधी झालेल्या स्त्रियांमध्येही पुढच्या खेपेला दोष पुन्हा येण्याचे प्रमाण शंभरात सुमारे तीन-चार इतकेच असते. गोळीने फरक पडतो की योगायोग आहे, हे ठरवायला अशा शेकडो स्त्रिया लागतात. एका देशात तेवढ्या लवकर मिळत नाहीत.

म्हणून ब्रिटनच्या सरकारी मेडिकल रिसर्च कौन्सिलने चाचणी हाती घेतली. १९८३ पासून ७ देशांतल्या ३३ केंद्रांत स्त्रियांची नोंदणी झाली. ब्रिटनबरोबर हंगेरी, इस्राएल, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, फ्रान्स आणि तेव्हाचा सोव्हिएत संघ त्यात होते. या सर्व स्त्रियांना आधीच्या खेपेला दोष असलेले बाळ झाले होते. कोणाला फॉलिक ॲसिड मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवले जाई. निम्म्या स्त्रियांना ते द्यायचे नाही, हे योग्य आहे का, यावर बराच वादही झाला.

निकाल १९९१ मध्ये आला. फॉलिक ॲसिड घेणाऱ्या ५९३ स्त्रियांमध्ये ६ बाळांत दोष आढळला, तर न घेणाऱ्या ६०२ स्त्रियांमध्ये २१ बाळांत. म्हणजे धोका ७२ टक्क्यांनी कमी झाला. इतर जीवनसत्त्वांनी असे संरक्षण मिळाले नाही. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी वेळेआधीच थांबवली गेली.

पहिल्या बाळासाठी उपयोग होतो का?

हा प्रश्न उरला होता, कारण दोष असलेली बहुतेक बाळे अशा घरांत जन्मतात जिथे आधी कोणालाच तो नसतो. हंगेरीतल्या मोठ्या चाचणीने १९९२ मध्ये उत्तर दिले: ०.८ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड असलेली जीवनसत्त्वांची गोळी घेणाऱ्यांत एकाही बाळात हा दोष नव्हता, दुसऱ्या गटात ६ बाळांत होता.

त्यानंतर अमेरिकेची सरकारी संस्था सीडीसी आणि चीनमधले तज्ज्ञ यांनी एकत्र काम केले. १९९३ ते १९९५ या काळात चीनमध्ये लग्नाआधीच्या तपासणीला येणाऱ्या तरुणींना रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी दिली. सुमारे अडीच लाख गर्भधारणांची नोंद झाली. उत्तर चीनमध्ये दोषांचे प्रमाण हजारी ४.८ वरून १.० वर आले. दक्षिणेत ते मुळातच कमी होते, तेही १.० वरून ०.६ झाले. आज डॉक्टर ४०० मायक्रोग्रॅमची गोळी सांगतात त्याला या अभ्यासाचा मोठा आधार आहे.

भारतातही आयसीएमआरने १९८८ मध्ये अशी चाचणी सुरू केली होती. १९९१ चा निकाल आल्यावर कोणत्याही स्त्रीला फॉलिक ॲसिडविना ठेवणे योग्य नव्हते, म्हणून ती थांबवली. एका देशाच्या पैशातून मिळालेले उत्तर दुसऱ्या देशातल्या आयांच्या असे कामी आले.

संशोधनानंतर काय झाले?

सरकारांनी सल्ला दिला, पण अनेक गर्भधारणा न ठरवता होतात. त्यामुळे अमेरिकेने १९९८ पासून धान्याच्या पिठात फॉलिक ॲसिड मिसळणे सक्तीचे केले. सीडीसीच्या अंदाजाने त्यामुळे तिथे दरवर्षी सुमारे १,३०० बाळे या दोषापासून वाचतात. ज्या ब्रिटनने १९९१ ची चाचणी केली, तिथे मात्र पिठाचा असा नियम व्हायला २०२४ उजाडले. ज्ञान मिळणे आणि ते घराघरांत पोहोचणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जागतिक आरोग्य सभेने मे २०२३ मध्ये या कामाला वेग देण्याचा ठराव केला. आपल्याकडे आटा, तांदूळ यांच्या पाकिटावर '+एफ' अर्थाचे निळे चिन्ह असेल तर त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळलेले असते. तरीही गरोदरपणासाठी फक्त त्यावर विसंबून राहू नका.

मग आपण काय करावे?

• मूल हवे असे ठरले की निदान एक महिना आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्या. १२ आठवडे पूर्ण होईपर्यंत चालू ठेवा.
• दिवस गेल्यावर कळले? घाबरू नका. त्याच दिवशी सुरू करा आणि डॉक्टरांना भेटा.
• आधी असे बाळ झाले असेल, पती-पत्नीपैकी कोणाला हा दोष असेल, मधुमेह असेल, वजन खूप जास्त असेल किंवा फिट्सच्या गोळ्या चालू असतील, तर जास्त मात्रा लागू शकते. ती डॉक्टरच ठरवतील.
• फिट्सच्या गोळ्या, विशेषतः व्हॅलप्रोएट, मनाने बंद करू नका. गर्भधारणेआधीच त्या डॉक्टरांशी बोला.
• शाकाहारी असाल तर बी-१२ तपासण्याबद्दल विचारा. नुसत्या जास्त फॉलिक ॲसिडने बी-१२ ची कमतरता झाकली जाऊ शकते.
• १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नका.

नेहमीचे गैरसमज

"सरकारी दवाखान्यातली लाल गोळी घेते, पुरे ना?" त्या गोळीत लोह आणि फॉलिक ॲसिड असते, पण गरोदरपणात ती रोज चौथ्या महिन्यापासून देतात. रक्तासाठी ती आवश्यकच आहे, मात्र तोवर न्यूरल ट्यूब मिटण्याची वेळ निघून गेलेली असते.

"पालेभाज्या, डाळी भरपूर खातो." जरूर खा. पण शिजवताना फोलेट बरेच नष्ट होते. गोळीची जागा आहार घेत नाही.

"गोळी घेतली म्हणजे सगळे दोष टळतात." नाही. डाउन सिंड्रोमसारखे दोष यामुळे टळत नाहीत, आणि न्यूरल ट्यूबचे दोषही सगळे टळत नाहीत. गोळी घेऊनही दोष राहिला तर तो आईचा दोष नाही. घरच्यांनी तिला बोल लावू नये.

बाळात दोष आढळलाच तर घाईने निर्णय घेऊ नका. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालशल्यचिकित्सक दोघांना भेटा. जन्मलेल्या बाळासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या दोषाची तपासणी आणि पुढील उपचाराची सोय आहे. आशाताईंकडे किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा.

ही माहिती सर्वसाधारण आहे. औषध आणि मात्रा आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवा.