झेंग शिए यांचे दरपत्रक : चिनी विद्वान-चित्रकार आणि बाजारपेठ

चिनी परंपरेत विद्वानाने काढलेले चित्र ही विक्रीची वस्तू नव्हे, तर त्याच्या शीलाची अभिव्यक्ती मानली जाई. दोंग छीछांग (१५५५-१६३६) यांनी व्यावसायिक चित्रकारांपेक्षा हीच परंपरा श्रेष्ठ ठरविली. तथापि या आदर्शामागे सरकारी पद अथवा जमिनीचे उत्पन्न गृहीत होते. अठराव्या शतकात यांगझौ शहरातील धनाढ्य मीठ-व्यापाऱ्यांमुळे चित्रांना मोठी मागणी निर्माण झाली, तेव्हा हे गृहीतक उघडे पडले.

झेंग शिए (१६९३-१७६५) हे १७३६ मध्ये सर्वोच्च शासकीय परीक्षा उत्तीर्ण झाले आणि पुढे शांदोंग प्रांतात जिल्हाधिकारी होते. पद सुटल्यावर यांगझौ येथे बांबूची चित्रे विकून ते चरितार्थ चालवू लागले. १७५९ मध्ये त्यांनी दरपत्रकच जाहीर केले : मोठ्या चित्रास चांदीचे ६ ल्यांग, मध्यमास ४ व लहानास २. भेटवस्तूंपेक्षा रोख चांदी बरी आणि उधारी नाही, असेही त्यात बजावले होते.

भेट व स्नेह यांच्या आवरणाखाली असे व्यवहार पूर्वीही चालत. झेंग यांनी ते आवरण दूर केले. ग्राहकाला हवी होती ती विद्वानाच्या हातची रेषाच. म्हणून बाजारपेठेने विद्वान-चित्रकाराचा आदर्श नष्ट केला असे म्हणण्यापेक्षा, तिने त्या आदर्शाचीच किंमत ठरविली, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते.