कामरगावची लाइन, बॅटरी आणि विजेवरची गाडी

ज्यांना ऐकायला सवड नाही, किंवा ज्यांच्याकडे नेटवर्क रडत असतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलताना जे पसरट झालं ते इथे आवरलंय.

विषय कुठून आला ते आधी सांगतो. वाशीम जिल्ह्यात, कारंजा तालुक्यात कामरगाव आहे. तिथल्या एका श्रोत्याचा आवाजी निरोप आला : "भाऊ, इलेक्ट्रिक स्कूटर घेऊ का नको घेऊ? गाडी बरी दिसते, पण आमच्याकडच्या लाइनचं तुमाले मालूमच हाय." मी उत्तर द्यायला बसलो आणि लक्षात आलं, की या प्रश्नात गाडी थोडी आहे आणि लाइनच जास्त आहे. मग म्हटलं, लाइनचाच इतिहास सांगावा. उत्तर मध्ये कुठेतरी येईल.

सुरुवात जरा लांबून करतो, अमेरिकेपासून. विजेवरची गाडी आपल्याला कालपरवाची वाटते. पण १९०० च्या सुमारास अमेरिकेतल्या रस्त्यांवर धावणाऱ्या मोटारगाड्यांपैकी साधारण एक तृतीयांश विजेवर चालत होत्या. आवाज नाही, धूर नाही, पुढे उभं राहून हँडल मारायची कटकट नाही. मग त्या गेल्या कुठे? कारणं बरीच आहेत. पेट्रोल स्वस्त झालं, फोर्डची गाडी स्वस्त झाली, १९१२ मध्ये पेट्रोलच्या गाडीला बटणाचा स्टार्टर आला. पण एक कारण आपल्या कामाचं आहे. शहराबाहेर पडलं की तिकडे वीजच नव्हती. पेट्रोलचा डबा घोडागाडीतून कुठल्याही खेड्यात नेता येतो, विजेचा डबा नेता येत नाही. १९३५ मध्येसुद्धा अमेरिकेतल्या दहा शेतघरांपैकी जेमतेम एका घरात वीज होती. विजेची गाडी शहरात वाढली आणि खेड्याच्या वेशीवर अडकली.

आपल्याकडे हीच गोष्ट मुंबईत दिसते. ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची ट्राम सुरू झाली. ती चालवणाऱ्या कंपनीचं नाव होतं बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज, म्हणजे आजच्या बेस्टची आई. घरात दिवा लावणारी आणि रस्त्यावर माणसं वाहणारी कंपनी एकच! ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची आगगाडी धावली. मुंबईच्या माणसाला विजेवरचं वाहन नवीन नाही, त्याच्या पणजोबानेच त्यातून प्रवास केलाय.

आता वऱ्हाडात या. त्या काळात वऱ्हाड काही मागासलेलं नव्हतं बरं का. कापसाचा पैसा होता. कारंज्याचा कापूस बाजार १८८६ चा, देशातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याचं नाव पुस्तकांत येतं. कापूस होता म्हणून जिनिंग-प्रेसिंग आलं, रेल्वे आली. मुर्तिजापूर–कारंजा–दारव्हा–यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी, आपली शकुंतला, कापसासाठीच टाकलेली. पण हे सगळं वाफेवर. शकुंतलेचं इंजिन १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेलं, १९२३ पासून इथे राबलं आणि १५ एप्रिल १९९४ पर्यंत राबतच राहिलं. मुर्तिजापूर स्टेशनवरचं दृश्य डोळ्यांसमोर आणा. मोठ्या लाइनवर १९९० च्या आसपास डोक्यावर विजेच्या तारा आल्या, त्यांच्याखालून विजेची इंजिनं सुसाट जाताहेत, आणि बाजूच्या फलाटावर कोळशाचं इंजिन पाणी पितंय. शकुंतलेला पुढे डिझेल मिळालं. वीज मिळायच्या आधी गाडीच बंद पडली.

गावात वीज आली ती मात्र वाहनासाठी आली नाही, आणि खरं सांगायचं तर दिव्यासाठीही आली नाही. ती मोटरसाठी आली. विहिरीवरच्या मोटरसाठी. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं. पुढच्या दोन-तीन दशकांत मंडळाने गावोगाव खांब रोवले. त्या काळची 'विद्युतीकरण झालेलं गाव' ही व्याख्या ऐकण्यासारखी आहे. गावाच्या महसुली हद्दीत कुठल्याही कामासाठी वीज वापरली गेली, की गाव विद्युतीकृत. म्हणजे शिवारात एका विहिरीवर मोटर बसली आणि गावातल्या सगळ्या घरांत चिमणीच जळत असली, तरी कागदावर गाव उजळलेलं! १९९७ मध्ये व्याख्या बदलली, २००४ मध्ये पुन्हा बदलली. तेव्हा किमान दहा टक्के घरांत आणि शाळा, ग्रामपंचायत, दवाखान्यात वीज हवी असं ठरलं. दहा टक्के. उरलेल्या नव्वद घरांचं काय, ते व्याख्येत नव्हतं.

मोटरसाठी आलेली वीज म्हणून तिचं वेळापत्रकही मोटरचंच राहिलं. शेतीपंपाला थ्री फेज दिवसा आठ तास, नाहीतर रात्री दहा तास, आठवड्यातले दिवस वाटून. हे दोन आकडे आपल्याकडच्या माणसाला नातेवाइकांच्या वाढदिवसापेक्षा जास्त पाठ असतात. हरभऱ्याला, गव्हाला ओलीत करायचं म्हणजे पाळी रात्रीची असेल तर जागलीला जायचं. डिसेंबरची थंडी, हातात टॉर्च, गवतात काय असेल ते असेल. साप आहे, रानडुक्कर आहे. लोकांनी मोटरला ऑटोस्विच लावले, म्हणजे लाइन आली की मोटर आपोआप सुरू. पण मोटर आपोआप सुरू झाली तरी स्प्रिंकलरचे पाइप आपोआप सरकत नाहीत, ते सरकवायला माणूसच लागतो. शिवाय एका डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकाच क्षणाला ऑटोस्विचवर उठल्या, की व्होल्टेज कोसळतं आणि कधी डीपीच जळते. मग ती डीपी बदलून येईपर्यंत हरभरा माना टाकतो. आमच्या आजोळी एका हिवाळ्यात असे दिवस मोजलेले मला आठवतात. आजी रोज संध्याकाळी एकच विचारायची, "आली का?" कोण आली, हे विचारायची कोणाला गरज पडायची नाही.

जून २००५ मध्ये मंडळाचे तुकडे झाले, वितरण महावितरणकडे गेलं, आणि नेमका तोच काळ भारनियमनाचा. खेड्यांत दिवसाला दहा-बारा तास अंधार. वीज तयार करणारी पारस, कोराडी, चंद्रपूर ही केंद्रं विदर्भात आणि अंधारही विदर्भात, ही तक्रार तुम्ही शंभरदा ऐकली असेल. ती खोटी नाही. पण पुढे भारनियमन प्रदेश पाहून ठरत नव्हतं, फीडरवरची गळती आणि थकबाकी पाहून ठरायचं. बिल भरणारा आणि आकडा टाकणारा एकाच फीडरवर असले तर दोघेही सारखेच अंधारात. या काळात एक चांगलं काम झालं, त्याची बातमी कधी मोठी झाली नाही. गावठाणाचा फीडर आणि शेतीचा फीडर वेगळे करायला घेतले. गावात चोवीस तास सिंगल फेज आणि शेतात वेळापत्रकाने थ्री फेज, ही आजची विभागणी तिथली आहे. माझ्या मते गावातल्या विजेच्या इतिहासात खांब उभे राहिले त्या वर्षापेक्षा हे फीडर वेगळे झाले ते वर्ष मोठं. आपल्या स्कूटरचा प्रश्नही तिथेच सुटतो किंवा अडतो.

पण त्याआधी बॅटरीचं बोलू, कारण इथे मला फार गंमत वाटते. शहरातले लोक म्हणतात, बॅटरी हे नवं तंत्रज्ञान आहे, खेड्यात रुजायला वेळ लागेल. अहो, खेडंच बॅटरीवर जगलंय! आधी टॉर्चचे सेल. ते संपत आले की उन्हात ठेवायचे, थोडा जीव यायचा. मग रेडिओ. मग १९८७ ला दूरदर्शनवर रामायण आलं. रविवारी सकाळी लाइन नसली तर ट्रॅक्टरची बॅटरी काढून ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीला जोडायचे. आजोळच्या अंगणात मी तसं रामायण पाहिलंय. युद्धाच्या ऐन भरात चित्र लहान लहान होत जायचं आणि मागून कोणीतरी ओरडायचं, "बॅटरी बसली!" त्या दिवशी ट्रॅक्टर धक्का मारून सुरू करावा लागायचा. मग इन्व्हर्टर आले. पाठीवरचा फवारणीचा पंप हातदांडीचा होता, तो बॅटरीचा झाला. आज सोयाबीन-तुरीच्या पट्ट्यात ओसरीवर चार्जिंगला लावलेला पंप नाही असं घर शोधावं लागेल. कुंपणाला झटका मशीन आली, तीही बॅटरीवर, वर छोटं सोलर पॅनल.

या सगळ्या बॅटऱ्या गावाने घेतल्या त्या लाइनवर भरोसा नव्हता म्हणून. स्कूटरची बॅटरी तशी नाही. ती लाइनच्या जिवावर घ्यायची आहे. कामरगावच्या आपल्या श्रोत्याला जी धाकधूक वाटते ती इथली आहे, आणि मला ती अगदी शहाणपणाची वाटते.

आता थोडा हिशेब. पाच एचपीची मोटर तासाला साधारण चार युनिट खाते. घरच्या वापराच्या विजेच्या स्कूटरची बॅटरी असते तीन युनिटच्या आसपास. म्हणजे एक तास ओलीत करायला जेवढी वीज लागते, त्याहून कमी विजेत स्कूटर पूर्ण भरते आणि ७०-८० किलोमीटर जाते. कारंज्याला जाऊन येणं त्यात बसतं. घरचा चार्जर साधारण ७५० वॅटचा, म्हणजे इस्त्रीपेक्षा कमी, पण चार-पाच तास सलग. ६३ केव्हीएच्या डीपीवर अशा ४० स्कूटर एकाच वेळी लागल्या तर तिची अर्धी ताकद तिथेच जाते. एका-दोघांनी घेतल्या तर काही बिघडत नाही. सगळ्या गल्लीने घेतल्या तर डीपी मोठी मागावी लागेल, आणि ती मागणी आधी करावी लागेल, जळल्यावर नाही.

माझं उत्तर असं : घर गावठाणात असेल, रोजचं फिरणं ४०-५० किलोमीटरच्या आत असेल, तर घ्या. पण आधी वायरमनला बोलावून अर्थिंग करून घ्या. आपल्याकडे बहुतेक घरांत थ्री पिनच्या तिसऱ्या भोकामागे वायरच नसते, असली तरी ती जमिनीपर्यंत पोचत नाही. टीव्ही-पंख्याला ते चालून गेलं. पावसाळ्यात ओल्या ओसरीवर पाच तास चार्जर लावायचा तर चालणार नाही. वेगळी जाड वायर, वेगळा एमसीबी, आणि लग्नात मांडवाला वापरतात तसली एक्स्टेंशन अजिबात नको. २०२२ मध्ये स्कूटरींना आगी लागल्या, त्यानंतर केंद्राने बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक केले. त्यामुळे त्यानंतरची, नव्या नियमांत बसणारी गाडीच बघा. आणि हो, आपल्याकडचा मे महिना लक्षात घ्या. उन्हातून आल्या आल्या तापलेली बॅटरी चार्जिंगला लावू नका. जेवण करा, मग लावा.

घर शेतात असेल तर मात्र मी लगेच 'घ्या' म्हणणार नाही. वस्तीवरचं घर बहुतेक शेतीच्या फीडरवर असतं आणि त्या फीडरचं घड्याळ वेगळं. एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांचं बिल सरकारने माफ केलं खरं, पण बिल शून्य झालं म्हणून रात्रीची पाळी दिवसाची होत नाही. ती बदलायची शक्यता आहे सौर फीडरमुळे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ ची, २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. सबस्टेशनजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीला दिवसा वीज द्यायची, अशी ती कल्पना. ज्यांनी स्वतःचा सौर पंप घेतला त्यांची जागल सुटलीच. पण तिथेही एक मेख आहे. पंपाच्या साध्या कंट्रोलरवर फक्त पंप चालतो. पावसाळ्यात, किंवा पीक निघाल्यावर, पाच एचपीचं पॅनल नुसतं ऊन खात बसतं आणि शेजारच्या खोलीत मोबाइल चार्ज करायला वीज नसते. दुसरी यंत्रंही चालवणारे कंट्रोलर निघालेत. मला विचाराल तर गावात चार्जिंग स्टेशनचे फलक लावण्याआधी सरकारने हे कंट्रोलर वाटावेत. वर्षातले कितीतरी महिने वाया जाणारी वीज शेतातच पडून आहे.

एका गोष्टीचा उल्लेख राहिला. समृद्धी महामार्ग कारंज्याजवळून जातो. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला, तेव्हापासून विजेवरच्या मोठमोठ्या मोटारी आपल्या शिवाराच्या बाजूने सूं करून जाताना दिसतात. पण त्या रस्त्यावर दुचाकी-तीनचाकीला बंदी आहे. तेव्हा कामरगावची स्कूटर विजेवरची असो की पेट्रोलची, तिने आपल्या जुन्या रस्त्यानेच जायचं, खड्डे चुकवत.

पुढच्या भागात शकुंतलेवर सविस्तर बोलणार आहे, तिची मालकी, तिचे ड्रायव्हर, तिच्या बंद पडलेल्या स्टेशनांवर आता काय चालतं ते. तोवर तुम्ही एक करा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, आपल्या घरी लाइट आली तेव्हा पहिल्यांदा काय लावलं होतं? बल्ब, रेडिओ, की थेट विहिरीवरची मोटर? उत्तर रेकॉर्ड करून पाठवा. वऱ्हाडीत असलं तर फारच उत्तम.