पार पडणें

मुंबईच्या उत्तर उपनगरांत मालाडहून पश्चिमेकडे निघालेला रस्ता मार्वे येथील धक्क्यावर येऊन संपतो. समोर खाडी, आणि खाडीपलीकडे मनोरी गांव. पाण्याची रुंदी फार नाहीं. पलीकडच्या कांठावरचे माड अलीकडून दिसतात. तरीहि ज्याला मनोरीस जावयाचें त्याला होडीची वाट पाहावी लागते. कारण खुष्कीच्या मार्गानें जावयाचें म्हटल्यास भाईंदर, उत्तन, गोराई असा लांबचा वळसा पडतो. होडी येते, माणसें चढतात, टोपल्या चढतात, हल्लीं दुचाकी गाड्याहि चढतात, आणि थोड्याच मिनिटांत सारी मंडळी पलीकडे उतरते. या रोजच्या घटनेला व्याकरणाच्या पुस्तकांत स्थान नाहीं. परंतु मराठी माणूस ज्या एका क्रियापदाचा उठतां-बसतां उपयोग करतो, त्या क्रियापदाचा जन्म अशाच एखाद्या कांठावर झालेला आहे. तें क्रियापद म्हणजे ‘पार पडणें’.

सभा पार पडते, लग्न पार पडतें, निवडणूक पार पडते. वार्षिक अहवालांत चिटणीस आपलें कर्तव्य पार पाडतात. या सर्व ठिकाणीं ‘पार पडणें’ म्हणजे ‘संपणें’ एवढाच अर्थ आहे असें वरवर पाहणाऱ्यास वाटेल. पण तसें नाहीं. जेवण संपतें, तें सहसा पार पडत नाहीं. पावसाळा संपतो, सुट्टी संपते, डब्यांतलें पीठ संपतें. यांपैकीं कशालाहि मराठी माणूस पार पाडीत नाहीं. जें काम अर्ध्यावर अडकण्याची धास्ती असते, ज्याच्या शेवटाविषयीं मनांत शंका असते, तेंच काम पार पडतें. ही धास्ती शब्दांत कोठून आली, हें पाहण्यासारखें आहे.

दोन साधे शब्द एकत्र येऊन तिसराच अर्थ उत्पन्न करणारीं क्रियापदें इंग्रजी भाषेंत विपुल आहेत, आणि इंग्रजी शिकणाऱ्या मुलांची तीं झोंप उडवितात. ‘गेट ओव्हर’ म्हणजे कुंपण ओलांडणें, आणि ‘गेट ओव्हर’ म्हणजेच दुखण्यांतून किंवा दुःखांतून उठणें. ‘गेट अक्रॉस’ म्हणजे रस्ता किंवा नदी ओलांडणें, आणि आपलें म्हणणें दुसऱ्याच्या गळीं उतरविणें हाहि त्याचाच अर्थ. आधीं पायांनीं केलेली क्रिया पुढें मनानें केलेली क्रिया होते. मराठीनें नेमकें हेंच केलें आहे. मात्र आपल्याच भाषेंत हें घडल्यामुळें तें कोणाच्या लक्षांत येत नाहीं.

संस्कृतांत ‘पार’ म्हणजे पलीकडचा तीर. पलीकडे नेणें या अर्थाचा जो ‘पृ’ धातु, त्याच्याच घराण्यांतला हा शब्द. ऋग्वेदांतल्या सूक्तांत अग्नीची प्रार्थना करतांना, नावेनें नदी ओलांडावी तसें संकटाच्या पलीकडे ने, अशा आशयाचें मागणें आढळतें. म्हणजे पाण्यावरची ही उपमा मराठीच्या जन्माच्या फार पूर्वीं रूढ झालेली होती. या घराण्याच्या शाखा युरोपांतहि पसरलेल्या आहेत. इंग्रजींतील ‘फेरी’ म्हणजे पलीकडे नेणारी होडी, ‘फेअर’ म्हणजे आज भाडें पण मुळांत प्रवास, आणि लॅटिनमधील ‘पोर्तुस’ म्हणजे बंदर. हे शब्द याच मूळ धातूचे वंशज होत असें तौलनिक भाषाशास्त्र सांगतें. पोर्तुगाल या देशाचें नांवहि ‘पोर्तुस’ वरूनच पडलें. १५३४ च्या तहानें वसई प्रांत पोर्तुगीजांच्या हातीं गेला, आणि साष्टीच्या या किनाऱ्यावर त्यांची सत्ता दोनशें वर्षें नांदली. राज्यकर्त्यांच्या देशाच्या नांवांतलें बंदर आणि रयतेच्या तोंडचा पार, हीं एकाच आजीचीं नातवंडें होतीं. मात्र तीं परस्परांस ओळखत नव्हतीं.

इंग्रजी ‘फेरी’ची तर मोठी मौज झाली. मनोरीस जाणाऱ्यांच्या तोंडीं ‘फेरीबोट’ हा शब्द सहज बसला, याचें कारण मराठींत स्वतःची ‘फेरी’ आहेच. मराठी फेरी फिरण्यावरून आलेली. तिचा इंग्रजी फेरीशीं रक्ताचा संबंध नाहीं. पण होडी दिवसभर मार्वे आणि मनोरी यांच्यामध्यें फेऱ्या घालीत असल्यामुळें दोन्ही अर्थ एकाच तक्त्यावर सुखानें बसले.

‘पार’ हा शब्द मराठींत मुख्यतः दोन वाटांनीं रुळला: एक नदीची वाट, दुसरी संतांची. १२९० सालच्या ज्ञानेश्वरींत सातव्या अध्यायांत, माया तरून जाण्यास कठीण आहे या गीतावचनावर भाष्य करतांना, ज्ञानेश्वरांनीं मायेची एक भरलेली नदी उभी केली आहे. ब्रह्माच्या डोंगरावरून ती निघते, तिला पूर येतो, भोंवरे पडतात. कोणी आपल्या बुद्धीच्या बळावर तींत शिरतो, कोणी वेदांची सांगड करतो, आणि एकेक जण वाटेंतच नाहींसा होतो. पावसाळ्यांत नदीचा पूर ज्यांनीं पाहिला होता, त्या श्रोत्यांना हें रूपक समजावून सांगण्याची गरज नव्हती. या रूपकाचा शेवट मात्र अनपेक्षित आहे. जे सर्वभावें भगवंताला शरण गेले, त्यांना पोहावें लागलेंच नाहीं. अलीकडच्या थडीवरच त्यांच्यापुरतें तें पाणी आटून गेलें. येथें आलेली ‘सांगड’ हाहि पाण्यावरचाच शब्द. तरंगण्यासाठीं एकत्र बांधलेला तो ताफा. आज दोन विचारांची सांगड घालणाऱ्या लेखकास तो भोंपळा किंवा ओंडका आठवत नाहीं.

पुलांपूर्वींच्या महाराष्ट्रांत नदी आणि खाडी हीच खरी सीमा होती. भीमेच्या कांठचा मुलूख तो भीमथडी, गोदावरीच्या कांठची ती गंगथडी. कोंकणांत खाडी ओलांडण्याच्या जागेला ‘तर’ म्हणत आले. मनोरीचा परिसर तर खाड्यांनींच कापून काढलेला. मनोरी, गोराई आणि उत्तन हीं गांवें ज्या पट्टींत येतात ती धारावी या नांवानें ओळखली जाई. आजच्या मुंबईंतील प्रसिद्ध वस्ती ती ही धारावी नव्हे. चिमाजी अप्पांच्या मोहिमेंत मराठ्यांचें सामर्थ्य जमिनीवर होतें आणि पोर्तुगीजांचें पाण्यावर. १७३७ च्या मार्चमध्यें मराठ्यांनीं ठाण्याची खाडी ओलांडून ठाणें घेतलें. १७३९ च्या पूर्वार्धांत वेसावें आणि धारावी हातीं आलीं, आणि मे महिन्यांत वसईचा किल्ला शरण आला. ही मोहीम पार पडली असें आजचे इतिहासकार सहज लिहून जातात. प्रत्यक्षांत त्या मोहिमेंत सैन्याला वारंवार करावें लागलेलें काम म्हणजे अक्षरशः पार पडणें हेंच होतें.

येथें दुसऱ्या शब्दाकडे, म्हणजे ‘पडणें’ याकडे वळलें पाहिजे. पार ‘जाणें’ किंवा पार ‘पोंचणें’ असें न म्हणतां मराठीनें पार ‘पडणें’ असें म्हटलें, यांत एक जीवनदृष्टि आहे. पडणें ही माणसाच्या इच्छेची क्रिया नव्हे. आजारी पडतात, बंद पडतें, महागांत पडतें, उपयोगी पडतें. सर्वत्र घडणारी गोष्ट माणसाच्या हाताबाहेरची आहे. खाडींत शिडाच्या होडीनें निघालेला मनुष्य पलीकडे लागेल कीं नाहीं हें भरती, ओहोटी आणि वारा ठरवितात. तो लागला तर ‘पडला’ म्हणावें. आपण गेलों असा गर्व मिरवूं नये. ‘पार पाडणें’ हें रूप मात्र निराळें आहे. तेथें पाडणारा कर्ता पुढें येतो: जबाबदारी, हुकूम, कर्तव्य हीं माणूस पार पाडतो. पहिल्या रूपांत दैव आहे, दुसऱ्यांत तांडेल आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं आणि त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ति १८५७ सालीं निघाली. त्यानंतरच्या काळांत कचेऱ्या, शाळा, सभा आणि वर्तमानपत्रें वाढलीं, आणि त्यांच्याबरोबर अहवालांची भाषाहि वाढली. या भाषेला कर्तव्य पार पाडणारा कर्ता हवा होताच. पण कर्त्याचें नांव टाळावयाचें झाल्यास ‘पार पडलें’ हें रूपहि तिला फार सोयीचें झालें. कार्यक्रम पार पडला. कोणीं पाडला, किती वादळ झालें, कोण बुडालें, हें विचारावयाचें नाहीं.

पाण्याच्या कांठचे शब्द असे सर्व क्षेत्रांत शिरलेले आहेत. ‘तड’ म्हणजे कांठ. म्हणून काम तडीस जातें. ‘तट’ म्हणजेहि कांठच. म्हणून जो कांठावर उभा राहून दोन्ही बाजूंची झुंज पाहतो तो तटस्थ. परीक्षेंत ‘उत्तीर्ण’ झालेला विद्यार्थी शब्दशः पाणी ओलांडून वर आलेला असतो. ग्रंथाच्या पलीकडच्या टोकापर्यंत जाणें तें पारायण, आणि विद्येच्या पैलतीरास गेलेला तो पारंगत. आनंदाला ‘पारावार’ राहत नाहीं, म्हणजे अलीकडचा आणि पलीकडचा असे दोन्ही कांठ दिसेनासे होतात. आगगाडींत पाण्याचा थेंबहि नसतां तिच्या प्रवाशांना मराठी वर्तमानपत्रें कित्येक वर्षें ‘उतारू’ म्हणत आलीं. ‘उतराई’ म्हणजे हिंदींत नावेचें भाडें. तुलसीदासांच्या रामचरितमानसांत केवट रामचंद्रांकडून तें घेत नाहीं. मराठींत मात्र उतराई व्हावयाचें तें उपकारांतून, आणि बहुधा होतां येत नाहीं असें सांगण्यासाठींच तो शब्द वापरला जातो.

याच पाराला दोन वाईट दिवसहि पाहावे लागले. पहिला शिक्षेचा. पलीकडचा कांठ हें एरव्ही घर किंवा मोक्ष. पण ‘हद्दपार’ आणि ‘तडीपार’ या शब्दांत तोच कांठ निर्वासनाचा झाला. १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस कायद्यानें ज्याला हद्दीबाहेर घालवितात त्या मनुष्यास लोक तडीपार म्हणतात. या शब्दांत तड आणि पार असे दोन कांठ एकत्र आले आहेत, आणि त्या माणसाला यांपैकीं एकहि आपला म्हणतां येत नाहीं.

दुसरा प्रकार याहून विचित्र आहे. शेवटपर्यंत गेलेला तो पार, म्हणून ‘पार’ म्हणजे ‘अगदीं’, ‘साफ’ असा अर्थ बोलण्यांत रूढ झाला. माणूस पार थकतो, डाव पार फसतो, आणि धंदा पार बुडतो. ज्या शब्दाचा मूळ अर्थ बुडण्यापासून वांचून कांठास लागणें, तोच शब्द आतां बुडण्याला जोर आणण्यासाठीं वापरला जातो. बोलणाऱ्याला त्यांत विसंगति दिसत नाहीं. कारण त्याच्या डोळ्यांपुढें कांठ उरलेलाच नाहीं.

ज्ञानेश्वरींतलें पाणी भक्ताच्या श्रद्धेनें आटलें. भाषेंतलें पाणी पुलांनीं आटविलें. गाडींतून वसईची खाडी ओलांडणाऱ्या माणसाला आपण पार पडलों असें वाटण्याचें कारण नाहीं. तो वर्तमानपत्र वाचीत असतो. यांत दुःख करण्यासारखें फारसें नाहीं. पूल झाले म्हणून वैद्य वेळेवर पोंचूं लागला, आणि शब्दांतली धास्ती टिकावी म्हणून कोणी खाडी तशीच ठेवा असें म्हणणार नाहीं. मार्वे आणि मनोरी यांच्यामध्येंहि पूल बांधण्याच्या योजना वारंवार मांडल्या गेल्या आहेत.

मात्र अहवालांतल्या शब्दाहून घरांतला शब्द अधिक चिवट ठरला आहे. सभेचें पार पडणें आतां कोरडें झालें असेल. परंतु शस्त्रक्रिया पार पडली, मुलीचें लग्न पार पडलें, बाळंतपण सुखरूप पार पडलें, असें जेव्हां घरांतलें वडील माणूस म्हणतें, तेव्हां ‘संपलें’ हा शब्द तेथें चालत नाहीं, हें सर्वांना न शिकवितां कळतें. अशा वेळीं शब्दामागचें पाणी पुन्हां भरतें.

मनोरींत तें पाणी अद्याप आटलेलें नाहीं. पावसाळ्याच्या रात्रीं फेरी थांबल्यावर एखाद्या घरांतल्या सुनेला वेदना सुरू झाल्या, तर दवाखाना कांठावरून दिसणाऱ्या दिव्यांच्या मागेंच असतो, पण मध्यें खाडी असते. मग होडीवाल्यास उठवावें, कीं भाईंदरचा वळसा धरावा, एवढाच प्रश्न उरतो. पहांटे पलीकडून सुखरूप पार पडल्याचा निरोप येतो, तेव्हां त्यांतला ‘पार’ खाडीचा कीं बाळंतपणाचा, हें घरांतलें कोणी विचारीत नाहीं.