उत्कंठा

हवी असलेली गोष्ट हाती येण्याआधीची मनाची ताणलेली ओढ. ‘उत्’ म्हणजे वर आणि ‘कंठ’ म्हणजे गळा. मान उंचावून वाट पाहणारे माणूसच या शब्दात उभे आहे. इंग्रजीतला ‘ईगर’ मात्र ‘धारदार’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दातून जुन्या फ्रेंचमार्गे आला. ‘व्हिनेगर’मधला आंबटपणा त्याच कुळातला.

ही धार वऱ्हाडाने सोसली आहे. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केले. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१–६५) लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि त्यांची नजर इथल्या काळ्या रानाकडे वळली. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरला पोचला; १८७० मध्ये खामगावच्या कापूसबाजारासाठी खास फाटा निघाला. युद्ध संपताच भाव कोसळले होते. गिरण्यांची घाई ओसरली, शेतकऱ्याच्या डोक्यावरचे कर्ज ओसरले नाही.

त्याच वऱ्हाडात सातपुड्याच्या पायथ्याचे हिवरखेड (ता. तेल्हारा, जि. अकोला) हे अकोला–खांडवा मीटरगेज मार्गावरचे स्थानक होते. अडगावहून आलेली गाडी इथून वान रोडकडे, मेळघाटच्या जंगलात शिरे. मार्गाच्या रुंदीकरणासाठी ती बंद झाली, आणि नवा मार्ग व्याघ्र प्रकल्पातून न्यावा की बाहेरून, हा वाद पेटला. गावाला गाडीची आस, वन्यजीवप्रेमींना जंगल राखण्याची, दोन्ही खऱ्या. वऱ्हाडात ‘आस लागली’ म्हणतात तेव्हा त्यात धार नसते, फलाटाच्या कडेला उंचावलेली मान असते.